बसायला जाताना हातात काम

आई मला सोडायला बडनेऱ्याच्या स्टेशनावर आली तेव्हा तिच्या हातात दोन किलो तुरीची डाळ होती. जुन्या पातळाच्या फडक्यात बांधलेली, आणि न निवडलेली. मी चिडले. शिकलेली मुलगी पुण्याला नोकरीवर निघाली आहे आणि आई तिला खड्या-फोलपटांसकट डाळ देते आहे! गाडी हलली तरी ती खिडकीला धरून चालत होती. ‘मन नाई लागलं त निवडत बसजो माय. पन एकटी नोको बसू. कोनाजवळ जाऊन बस.’ बाबा मागे उभे होते, एसटीच्या खाकी कपड्यात, कारण नांदगाव खंडेश्वरला परत जाऊन त्यांना ड्यूटी धरायची होती. डब्यातल्या लोकांसमोर मला त्या गाठोड्याची लाज वाटली, हे मी आज कबूल करते.

ती डाळ मी कधीच निवडली नाही. पुण्याच्या खोलीत कपाटावर पडून राहिली. पावसाळ्यात तिला किडे पडले, आणि मी नाक दाबून ती फडक्यासकट कचऱ्यात टाकली. नांदगावच्या गल्लीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना हे सांगायला उशीर झाला आहे. आणि माझ्यासारखे जे बाहेर पडून शहाणे झाले, त्यांच्याही कपाटावर असं काहीतरी सडलेलं असणारच.

आमची गल्ली बुद्धविहारासमोरची. मी सातवीत असताना बाबांच्या हातून एसटीला अपघात झाला. कोणी दगावलं नाही, पण चौकशी लागली आणि बाबा सात महिने घरी बसले. दाढी वाढली, बोलणं बंद. भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडलेले असायचे. दुसऱ्याच दिवसापासून गल्लीतल्या बाया आमच्याकडे बसायला येऊ लागल्या. मयतीच्या घरी जातात तसंच, फक्त मयत नव्हती. प्रत्येकीच्या हातात आपलं काम: कोणाची मेथी, कोणाच्या शेंगा, कोणाची गोधडी. ‘कसं झालं’ म्हणून विचारायचं नाही. ‘धीर धरा’ तर अजिबात म्हणायचं नाही. घरच्या बाईला चहाला उठवायचं नाही, चहा शेजारून यायचा. आई म्हणायची, ‘बसाले जाच त रिकाम्या हातानं नोको जाऊ. रिकामा मानूस समोरच्याच्या तोंडाकडे पायते.’

बाबांच्या गाडीवरचे कंडक्टर नामदेवकाका यायचे. ओट्यावर बसून अंबाडीचा दोर वळायचे. त्यांच्याकडे ना गाय ना बैल, एवढा दोर कशाला लागतो हा मला प्रश्न पडायचा. बाबा आत, काका बाहेर, मध्ये उघडं दार. कितीतरी दिवस असेच गेले. मग एका दुपारी बाबा उठले, ओट्यावर आले आणि त्यांनी दोराचं दुसरं टोक धरलं. आई चुलीपुढे तोंडात पदर कोंबून रडली. त्या संध्याकाळी बाबांनी दाढी केली.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं. तरी मी जे केलं ते केलं.

आता मी एका कंपनीत एचआरमध्ये आहे. माणसांना कामावर घेणं, त्यांना खूश ठेवणं आणि वरून यादी आली की त्यांना काढणं, ही माझी कामं. काढण्याला आम्ही ‘राइटसायझिंग’ म्हणतो. हा शब्द मी कितीदा तरी ईमेलमध्ये लिहिला, चहाचा घोट घेत घेत लिहिला. गेल्या वर्षी अशीच यादी येणार म्हणून सगळ्या मजल्यांवर कुजबुज सुरू झाली. साहेब म्हणाले, लोक घाबरलेत, एक वेलनेस वेबिनार घेऊन टाका. मी पंधरा स्लाइड तयार केल्या. वादळी काळात मन कसं सांभाळावं! पाणी प्या, बातम्या कमी बघा, दीर्घ श्वास घ्या, रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. तिसऱ्या स्लाइडवर बुद्धाचं डोकं. सोनेरी, मानेपासून तुटलेलं, शेजारी बांबूचं झाड. रविवारी विहारात वंदना झाल्याशिवाय ज्या गल्लीत ताट वाढलं जात नसे तिथली मी, आणि ते धड नसलेलं डोकं मीच इंटरनेटवरून उचलून तिथं चिकटवलं. ‘खूप सूदिंग आहे,’ असं साहेब म्हणाले.

त्या सल्ल्यांत खोटं काही नव्हतं, हे सांगायला हवं. मी स्वतः डॉक्टरांकडे जाते, गोळी घेते, तिनं मला झोप लागते आणि त्याची मला लाज वाटत नाही. शिसारी येते ती वेगळ्याच गोष्टीची. ‘श्वास सोडा’ असं मी म्हणत होते तेव्हा यादी माझ्या लॅपटॉपमध्ये उघडी होती. नववं नाव वर्षाचं होतं.

वर्षा अकोल्याकडच्या पातूरची. चौथ्या मजल्यावर सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. रोज चारच्या सुमाराला माझ्या टेबलाशी यायची, दहा मिनिटं आपल्या बोलीत बोलायची आणि ताजी होऊन परत जायची. ती नवी असताना मी तिला सांगितलं होतं, मीटिंगमध्ये ‘करून राहिली’ म्हणू नकोस, ‘करते आहे’ म्हण. तिनं मुकाट्यानं सुधारलं. वेबिनारनंतर ती आली, डोळे चमकत होते. ‘ताई, भल्लं बरं वाटलं. मले वाटे मीच येडी होऊन राह्यली. आता रोज वहीत लिहीन.’ मग हळूच म्हणाली, ‘यादीत आमच्या टीमचं काई नाई ना?’

मी म्हणाले, ‘तू मन शांत ठेव.’

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. खोट्याला निदान खोटं तरी म्हणता येतं. सोमवारी तिच्याशी पंधरा मिनिटांची मीटिंग झाली, लॅपटॉप काढून घेतला, गळ्यातलं कार्ड घेतलं. जाताना भरून द्यायच्या फॉर्मवर शेवटचा प्रश्न असतो, आमच्या कंपनीला पाचापैकी किती गुण द्याल? तिनं पाच दिले. तो फॉर्म माझ्याच फाइलमध्ये आहे. कधी समोर आला की तोंड कडू होतं.

तीन आठवड्यांनी तिच्या आईचा फोन आला. ‘तुमीच का ऑफिसातल्या ताई? पोरगी जेवत नाई, आंग धूत नाई. भिंतीकडे तोंड करून पडून रायते. तुमचं लय नाव घ्ये जी ती.’ मी धीराचं काहीबाही बोलले. आणि मग मी काय केलं असेल? त्या माउलीला मी माझ्या पंधरा स्लाइडची पीडीएफ पाठवली. तुटक्या डोक्यासकट. तिनं हात जोडल्याचं चित्र पाठवून आभार मानले.

संध्याकाळी नांदगावला फोन लावला आणि आईला सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, ‘अन् तू? तू कवा जाऊन राह्यली?’

मी रजा टाकली. अकोल्याला उतरले. बसस्टँडकडे जाण्याआधी बाजारात न निवडलेली तुरीची डाळ शोधली. आता ती सहज मिळत नाही, सगळीकडे चकचकीत पाकिटं. एका दुकानदारानं शेवटी पोत्यातली काढून दिली आणि वर विचारलं, ‘निवडलेली हाये न ताई, कायले डोळे फोडता?’ मी म्हटलं, मला अशीच हवी. पातूरच्या बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले. वर्षानं दार लावून घेतलं असतं तर ते तिच्या हक्काचं होतं.

ती आतल्या खोलीत बाजेवर पडली होती, पाठ दाराकडे. केसांची जट झाली होती. तिच्या आईनं न विचारता मला सूप आणि एक स्टीलची ताटली दिली. मी खाली बसले आणि निवडायला लागले. ऑफिसातली वाक्यं तोंडाशी येत होती. ‘यात तुझ्या कामाचा दोष नाही’, ‘ही नवी संधी समज’. ओकारी गिळावी तशी एकेक गिळली. बराच वेळ फक्त ताटलीत खडा पडल्याचा आवाज.

मग भिंतीकडे तोंड ठेवूनच तिनं विचारलं, ‘ताई, तुमाले मालूम होतं?’

‘होतं.’

‘त्या दिवशी बी?’

‘त्या दिवशी बी. तुहं नाव नववं होतं.’

किती वर्षांनी माझ्या तोंडून ‘तुहं’ निघालं. बाहेर तिच्या आईनं हातपंप मारायला घेतला होता, तो थांबला.

‘मंग काहून आल्या?’

‘बसाले.’

मी वर बघितलं नाही, हातातलं काम सोडलं नाही. मग बाज करकरली. ती कुशीवर वळली, सुपात बघत राहिली आणि चिडून म्हणाली, ‘किती खडे सोडून राह्यल्या तुमी. आना इकडं.’ आणि तिनं सूप माझ्या हातातून ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी अकोल्याला डॉक्टरकडे गेलो. औषधं सुरू आहेत, ती जेवते, केस कापून टाकले आहेत. तिनं मला माफ केलेलं नाही. मी माफी मागितलीही नाही. आठवड्यातून एखाद्या दिवशी चारच्या सुमाराला तिचा फोन येतो. बोलणं फार नसतं. फोन बाजूला ठेवून ती काहीतरी निवडत असते, मला आवाज येतो.

मी नोकरी सोडलेली नाही, उगाच कोणाचा गैरसमज नको. परवा पुन्हा यादीची कुजबुज सुरू झाली आणि साहेबांनी तोच वेबिनार मागितला. मी नाही म्हटलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं तो घेतला, माझ्याच स्लाइड वापरून. लोकांना बरं वाटलं म्हणे.

घर कुठं म्हणून कोणी विचारलं की सवयीनं नांदगाव खंडेश्वर सांगते. पण मला वाटतं, आपण काय केलं हे पक्कं ठाऊक असूनही जिथं कोणी आपल्या हातातलं सूप ओढून घेतं, ते घर. तसं एक मला आता पातूरला आहे. पुण्यात अजून नाही. पुण्यात डाळ निवडलेलीच मिळते.