वहीतली माहेरं

सिंधुबाईंनी तीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून खिचडी शिजवली. गावातली निम्मी तरणी माणसं त्यांच्या हातचं खाऊन मोठी झालेली. त्यामुळे नुकत्याच मिशा फुटलेल्या एखाद्या पुढाऱ्याचा कान भर चौकात धरायची मुभा त्यांना आहे, आणि ती त्या वापरतातही.

निवृत्त झाल्यावर माणूस स्वस्थ बसतं. या बसल्या नाहीत. शाळेमागच्या पाऊण एकर गावठाणात सगळ्या गावाची मिळून वनबाग करायचीच, असा त्यांनी चंग बांधला. मोठी झाडं, त्यांच्या सावलीला झुडपं, वर चढलेले वेल, आणि ज्याला जे हवं ते त्यानं तोडून खावं. माजलगावची एक संस्था रोपं आणि तारेचं कुंपण फुकट देणार होती. अट एकच, ग्रामसभेत निम्म्या घरांनी हात वर करायचे. आणि तेही दसऱ्याच्या आत, कारण दसरा झाला की कोयते घेऊन निम्मं गाव ऊसतोडीला जाणार.

आधी त्या वही घेऊन होकाराच्या सह्या मागायला निघाल्या आणि तोंडघशी पडल्या. कागद दिसला की आमच्याकडे माणूस सावध होतो. "सही कशापायी पायजे? जमीन जाईल का?" असं एकानं विचारलं. जंगल झालं की रानडुकरं येतील म्हणून दुसऱ्यानं हात झटकले. आठ दिवसांत सह्या झाल्या अकरा, त्यातली एक त्यांच्या नवऱ्याची, जालिंदरची.

"ती बी जेवाय मिळावं म्हणून केलीय," जालिंदर म्हणाला.

शेजारच्या विमलबाईनंही सही केली नव्हती. पण बोलता बोलता ती म्हणून गेली, "आमच्या माहेरी दारात रामफळ होतं, मावशी. तसं फळ हितं आल्यापास्नं खाल्लं न्हाई." सिंधुबाईंनी हातातला पेन तसाच धरला. गावातली एकूण एक सून परगावची, हे त्यांच्या इतक्या दिवसांत ध्यानातच आलं नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सही मागणं सोडलं. "तुझ्या माहेरी दारात कोणतं झाड होतं गं?" एवढंच विचारायचं. बाई तव्यावरची भाकरी उतरवून बाहेर यायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही. चकलांब्याच्या सुनेचं सीताफळ, कुणाची गोड चिंच, कुणाचा शेवगा. नाव, माहेर, झाड असं लिहीत वही भरत गेली. घरोघरच्या नवऱ्यांनाही मग ग्रामसभेला येण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

घोडं अडलं छबुबाईंपाशी. सरपंच विजयसिंहाची ही आई, आणि त्यांच्या कडब्याच्या गंजी वीस वर्षं त्याच गावठाणात उभ्या. विजयसिंह म्हणाला, "मावशी, माझी काय ना न्हाई. पण आईला तुमीच इचारा." गाव वाकवणारा गडी आईपुढे पार मांजर व्हायचा.

सिंधुबाई गेल्या आणि नेहमीच्या जागी, ओट्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. पोलिओचे डोस असोत की पोरांची वजनं, तीस वर्षं त्यांची तीच जागा. छबुबाई वर बाजेवर. सिंधुबाईंनी तोच प्रश्न विचारला.

छबुबाईंनी काठी जवळ ओढली.

"माझं माहेर धरणात गेलं, सिंधे. कवठ होतं दारात. धरण आटलं त्या साली मी गुपचूप बघाय गेलते. घराचा दगड वळखू आला न्हाई, पर कवठाचा बुंधा होता." मग एकदम करड्या आवाजात, "लिहू नको. जा तू."

सिंधुबाईंनी लिहिलं नाही. आपण जुनी जखम उकरली याचं त्यांना फार वाईट वाटलं.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी शाळेकडे ट्रॅक्टर वाजला. छबुबाई काठी टेकून उभ्या होत्या आणि गडी कडबा भरत होते. दुपारपर्यंत जागा मोकळी झाली. सभेत त्या पहिल्यांदाच बायकांत सतरंजीवर बसल्या आणि सगळ्यांत आधी हात त्यांचा वर गेला. विजयसिंह बघतच राहिला. पाठोपाठ एवढे हात वर झाले, की ग्रामसेवकाला दोनदा मोजावे लागले.

सभा उठली तशी छबुबाईंनी सिंधुबाईंना हाक मारली. "लिही आता. कवठ. फळ यायला किती वर्सं लागत्यात?"

सिंधुबाईंना खोटं बोलवेना. "आठ-दहा तरी लागत्यात, काकू."

"लागू दे. खाईल कोणी बी." वहीची पानं चाळत त्या थांबल्या. "ह्यात तुझं झाड कुठं हाय गं?"

तेव्हा कुठे सिंधुबाईंच्या लक्षात आलं, की आख्ख्या गावाचं लिहिताना आपलंच राहिलं. आणि इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"जांभूळ होतं, काकू."

"मंग लिही की," छबुबाई सतरंजीवर जरा सरकत म्हणाल्या, "अन् लावताना माझ्या कवठाच्या शेजारी लाव. बस हितं."

सिंधुबाई बसल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण उघडलं.