बोटमास्तर आणि चुकीचा बाण

गल्लीत त्यांना बोटमास्तर म्हणत, अर्थात पाठीमागे. मास्तर कोट शिवायचे आणि गिऱ्हाईकाच्या तोंडावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "इथे जरा आवळतो," असं कुणी म्हटलं की ते टेप गळ्यात टाकून ठाम उभे राहत. "तोंडाने सांगू नका. बोट ठेवा." मग भलेभले वकीलसुद्धा आरशापुढे स्वतःच्या काखेत बोट घालून उभे. चाळीस वर्षांत आपला एकही कोट परत आला नाही, हे मास्तर दिवसातून दोनदा सांगत. तिसऱ्यांदा ऐकायला गिऱ्हाईक थांबत नसे.

मापं मास्तर मोठ्याने सांगत, बायको वहीत उतरवून घेई आणि बेतताना तीच वाचून दाखवी. कोपऱ्यातल्या स्टुलावर काज करता करता ती लिहायची, बोलायची मात्र क्वचितच. "हिला काय डोकं लागतं?" मास्तर म्हणत. "मी सांगतो, ही लिहिते."

पायमशीन चालवून चालवून मास्तरांचा उजवा गुडघा कामातून गेला. जिना उतरताना मध्येच अडकायचा. एक्स-रे काढले तर दोन्ही गुडघे म्हातारेच निघाले, पण अडकणाऱ्याचं दुर्बिणीतून छोटं ऑपरेशन करायचं ठरलं. आता साधं बटण घेतानाही दुकानदाराची उलटतपासणी घेणारा हा माणूस, पण हॉस्पिटलच्या दारात पाऊल टाकलं आणि त्याची शेळी झाली.

"कुठला गुडघा?" काउंटरवरच्या कारकुनाने विचारलं.

"डावा," मास्तर अदबीने म्हणाले.

जन्मभर लोकांच्या समोर उभं राहून, समोरच्याचं उजवं ते आपलं डावं करता करता त्यांच्या डाव्याउजव्याचा कधीचाच घोळ झाला होता. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं, कारण बायकोने ते कुणाला कळूच दिलं नव्हतं. आणि ती नेमकी तेव्हा औषधांच्या रांगेत होती. कारकुनाने लिहिलेला शब्द फाइलवर गेला, फाइलवरून मनगटाच्या पट्टीवर गेला. एकदा छापून आल्यावर त्याच्यावर शंका कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स आली. "डावा गुडघा ना, आजोबा?"

"हो."

तिने डाव्या पायावर जाड पेनाने बाण काढला. मास्तरांनी बाणाकडे पाहिलं. दुखतो तो पाय काही हा नव्हे, एवढं त्यांना कळत होतं. पण एक्स-रेत यांना काहीतरी दिसलं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि तोंडाला कुलूप लावलं.

बायको आत आली आणि तिने बाण पाहिला. "अहो, हा भलताच पाय आहे."

"हळू बोल. त्यांनी फोटो पाहिलेत. आपण कापड द्यायचं, बेतणारा बेततो."

"कुणी असं कापड दिलं असतं तर तुम्ही त्याला दुकानातून हाकललं असतं."

"अगं, ते चिडले तर? सुरी त्यांच्या हातात आहे." मास्तर खरोखरच घाबरले होते. तीही घाबरली होती, पण चांगला पाय कापला जाण्याची भीती तिला जास्त होती.

स्ट्रेचर ऑपरेशनच्या दारापाशी आलं. सर्जन बाहेर आले, तशी तिने स्ट्रेचरचा दांडा धरून ठेवला. "डॉक्टर, एवढं एक करा. यांना तोंडाने विचारू नका. बोट ठेवायला सांगा."

"आजोबा, कुठला गुडघा?"

"डावा."

"बोट ठेवा बरं."

मास्तरांचं बोट उजव्या गुडघ्यावर जाऊन टेकलं. सर्जननी बोट पाहिलं, बाण पाहिला, फाइल पाहिली. नर्सचा चेहरा उतरला. गुडघे पुन्हा तपासून झाले, जुने कागद निघाले, आणि बाण पुसला गेला.

"हे आमच्याच लक्षात यायला हवं होतं," सर्जन म्हणाले. "तुम्ही कसं ओळखलंत?"

"हे असंच उलटं सांगतात. वहीत मी डोळ्यांनी बघून बरोबर लिहिते. चाळीस वर्षं झाली."

आडव्या पडलेल्या मास्तरांनी आपलं बोट हळूच चादरीखाली घेतलं.

महिन्याभराने काठी टेकत ते दुकानात आले. "हॉस्पिटलात माणसाला सावध राहावं लागतं," ते येईल त्याला सांगू लागले. "मी वेळेवर बोट ठेवलं म्हणून वाचलो." बायको मान खाली घालून काज करत राहिली. जित्याची खोड, ती गुडघ्याच्या ऑपरेशनने थोडीच जाते?

त्या दिवशी एक मुख्याध्यापक कोटाचं माप द्यायला आले. "डावा खांदा अर्धा इंच उतरता," मास्तर ओरडले. मग थबकले. काठी टेकत कोपऱ्यात गेले आणि जन्मात पहिल्यांदा वहीत डोकावले. तिथे 'उजवा' लिहिलं होतं. त्यांनी मागची पानं उलटली, त्याच्याही मागची उलटली. मुख्याध्यापक हात पसरून ताटकळत उभे होते.

मास्तरांनी वही मिटली आणि ते मुख्याध्यापकांपाशी परत आले. "अगं, जरा इकडे ये," ते हळूच म्हणाले. "कुठला ते बोट ठेवून दाखव."

तिने मुख्याध्यापकांच्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं, आणि मास्तरांनी तिथेच खडूची रेघ ओढली.