फिरकीचा तांब्या आणि विमानाचं तिकीट

आमच्या घराण्यात विमानाचं तिकीट मिळालेला मी पहिला माणूस, आणि ते देव्हाऱ्यात ठेवून पॅसेंजर गाडीने दिल्लीला निघालेला बहुधा शेवटचा.

गोष्ट सत्तर साल उलटल्यानंतरची. मी नुकताच इंजिनियर झालो होतो. दिल्लीच्या एका कंपनीने मला नोकरी दिली, आणि वर मुंबई ते दिल्ली विमानाचं तिकीटही पाठवलं. नगरला आमच्या आळीत बातमी दुपारी पोचली आणि संध्याकाळी माणसं तिकीट बघायला आली. (मला बघायला कोणी आलं नव्हतं. मी फक्त दार उघडायला होतो.) जो तो धोतराला हात पुसून तिकीट घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि पाठ न दाखवता मागे सरकायचा. आईने त्यावर हळदकुंकू वाहिलं. कुंकू नेमकं माझ्या नावावर पडल्यामुळे जाणार कोण हे वाचता येईना, पण त्याची कुणाला अडचण वाटली नाही.

मीही भारावून गेलो होतो. माणूस ढगांच्या वर बसून चहा पितो, या नुसत्या कल्पनेने माझा ऊर भरून यायचा. मात्र अंथरुणावर पडलं की तोच ऊर धडधडायला लागायचा. खुर्चीखाली तळ, तळाखाली काहीच नाही, हे काही केल्या डोक्यातून जात नव्हतं. पण तिकिटाला कुंकू लागल्यावर भीती वाटते असं सांगणार कुणाला?

अशा वेळी श्रीरामपूरहून आत्या आली. तिकिटाकडे तिने लांबूनच पाहिलं.

"सदा, इमान शिरीरामपूरला थांबतं का?"

"आत्या, विमान मध्ये कसं थांबेल?"

"मंग मी तुला डबा कुठं द्यायचा?"

याचा विचार कुणी केलाच नव्हता. आमच्याकडे रीतच आहे तशी. नात्यातलं कोणी गाडीने लांब निघालं, की वाटेवरच्या स्टेशनातल्या नातेवाइकांनी डबा घेऊन गाडीवर भेटायला यायचं. जाणाऱ्याने भूक असो नसो तो घ्यायचा, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीतून एकमेकांची तब्येत विचारायची. मी विमानाने गेलो असतो तर वांबोरीपासून कोपरगावपर्यंतची आमची सगळी माणसं अपमान झाल्यासारखी घरी बसली असती.

"आन् कुसुमचं काय?" आत्याने दुसरा प्रश्न टाकला, आणि मी मान खाली घातली.

कुसुम ही श्रीरामपूरजवळच्या एका ऊस बागायतदाराची मुलगी, कॉलेजात शिकणारी. आत्याने तिचा फोटो मला आधीच दाखवला होता. माझा तिला दाखवला, तेव्हा ती म्हणाली होती, "फोटोत सगळेच गप्प बसलेले असतात. माणूस समोर बघेन, मग सांगेन." दोन स्थळं तिने अशीच समोर बघून परत पाठवली होती. मला एकदा दिल्लीला गेल्यावर वर्षभर सुट्टी मिळणार नव्हती, आणि वर्षभर कुसुमचे वडील थांबणार नव्हते. फोटो पाहिल्यापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं, हे आईने आत्याला कळवलेलं होतंच.

"त्याला काय हुतंय," आत्या म्हणाली. "गाडीनं जा. शिरीरामपूरला इंजिन पानी घेतं, गाडी लई येळ थांबती. मी पोरीला अन् तिच्या बापाला डब्यातच घेऊन येते. बघनं बी हुईल आन् डबा बी दिला जाईल."

"आता आत्याचं मन कसं मोडायचं?" असं म्हणून मी मोठा सुस्कारा टाकला. तो सुस्कारा सुटकेचा होता, हे फक्त मला आणि देव्हाऱ्यातल्या तिकिटाला ठाऊक होतं.

मनमाडला दिल्लीची मेल गाठायची म्हणून मी सकाळच्या पॅसेंजरने निघालो. अंगात नवा लोकरी सूट आणि हातात आईने दिलेला फिरकीचा तांब्या. (आट्यांचं झाकण असलेला हा पितळी तांब्या त्या काळी बरोबर घेतल्याशिवाय आमच्याकडचं कोणी प्रवासाला निघत नसे.) वांबोरीला मामेभावाने डबा दिला, राहुरीला मावशीने दिला आणि तिच्या शेजारणीनेही दिला. सीटखाली जागा उरली नाही, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी एक डबा आपण होऊन मांडीवर घेतला आणि थोड्या वेळाने उघडलाही. इकडे माझ्या घशाला कोरड पडत होती. श्रीरामपूर येईपर्यंत तांब्या रिकामा झाला.

गाडी थांबली. आत्या चढली, तिच्यामागे कुसुम, आणि तिच्यामागे फेटा सांभाळत कुसुमचे वडील बापू. डब्यातल्या मंडळींना आत्याने चढता चढताच प्रसंग समजावून सांगितला. सगळे पटापट सरकले आणि नाटकाला बसावं तसे आमच्याकडे तोंड करून बसले. कुसुम माझ्या समोर बसली. फोटोत तिचे डोळे आले नव्हते, असंच म्हणायला पाहिजे. मी त्या डोळ्यांकडे एकदा पाहिलं आणि मला माझं शिक्षण किती झालंय तेही आठवेना.

"इचार की काहीतरी," आत्याने मला ढोसलं.

मला एकच गोष्ट सुचली. दारी पाहुणे आले की आधी पाणी द्यायचं, हे आईने लहानपणापासून अंगात मुरवलं होतं. डबा रेल्वेचा असला तरी तिकीट माझं होतं, म्हणजे पाहुणे माझेच. मी तांब्या उचलला. "आलोच पाणी घेऊन," एवढं बोललो आणि उतरलो.

"पाव्हनं, नळ तिकडं हाय, चला दावतो," म्हणत बापूही माझ्यामागे उतरले.

नळाला करंगळीएवढी धार होती. पलीकडे इंजिन पाणी घेत होतं, आणि मी ते पाहतच राहिलो. हत्तीच्या सोंडेसारख्या त्या नळातून धो धो पाणी पडत होतं, काळंभोर धूड वाफा सोडत उभं होतं, आणि त्याच्या अंगातली धग मला तिथवर लागत होती. माणसाने हे केलं, आणि आपण त्यातलेच एक माणूस, या विचाराने माझ्या अंगावर काटा आला. तांब्या कधी भरून वाहायला लागला ते कळलंच नाही.

"पाव्हनं, शिट्टी झाली," बापू म्हणाले.

मी भानावर आलो आणि झाकण लावायला लागलो. ते आट्यात बसेना. उघडा तांब्या घेऊन पळावं तर पाहुण्यांचं पाणी सांडणार, आणि झाकण लावत बसावं तर गाडी जाणार. इंजिनियर माणसाने अशा वेळी काय करावं? मी झाकण लावत बसलो.

गाडी समोरून निघाली. खिडकीतून आत्या ओरडत होती, "अवो थांबवा, आमचा नवरदेव खाली ऱ्हायला!" तिच्या शेजारी कुसुम होती. ती ओरडत नव्हती. गाडी वळेपर्यंत ती फक्त माझ्या हातातल्या तांब्याकडे बघत होती. माझी ट्रंक, माझे डबे, माझी आत्या आणि माझी होऊ घातलेली बायको मनमाडकडे चालली होती, आणि मी तिच्या बापाबरोबर फलाटावर उभा होतो. संपलं आपलं, असं मला अगदी आतून वाटलं. मुलीला बघायला येऊन मुलगीच हरवलेला नवरा कोण पत्करील?

बापू मात्र शांत होते. "चितळीला क्रॉसिंग हाय. तितं गाडी थांबतीच. चला."

कारखान्यावर ऊस टाकून परत निघालेला एक रिकामा ट्रक त्यांनी रस्त्यात हात करून थांबवला. पुढे जागा नव्हती. आम्ही मागच्या हौद्यात उभे राहिलो. ट्रक उडायला लागला तसा उसाचं पाचट माझ्या केसांत, कॉलरीत आणि बाह्यांत शिरलं. एका हाताने फळी धरून आणि दुसऱ्या हाताने तांब्यावर नुसतंच ठेवलेलं झाकण दाबून मी उभा होतो. दोन्ही बाजूंना उसाचे उंच मळे, आणि मळ्यांच्या शेंड्यांवरून लांब धुराची रेघ धावत होती. त्या धुराखाली कुसुम होती. उभ्या जन्मात मी इतकी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती.

"इमानाचं तिकीट खरंच आलं हुतं का?" बापूंनी वाऱ्यात ओरडून विचारलं. मी होय म्हटलं. त्यांनी माझ्या केसांतलं पाचट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

चितळीला गाडी उभी होती. मी धावत डब्यात चढलो. कुसुम माझ्या जागेवर, खिडकीशी बसली होती. ट्रंक तिच्या पायापाशी होती, आणि डब्यातल्या सगळ्यांच्या हातावर तिने मावशीचे लाडू ठेवले होते.

"कुनी तरी साखळी वढायला उठलं हुतं," आत्या घाईघाईने सांगायला लागली. "ही म्हणली, वढू नका. यायचं असलं तर येतील."

मी तांब्या पुढे केला. "पाणी," मी म्हणालो. कुसुम तांब्या उंच धरून वरून पाणी प्यायली आणि मग पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"विमानाचं तिकीट असून गाडीनं का निघालात?"

डब्यात लाडू चघळण्याचे आवाज थांबले. आत्याचं नाव सांगावंसं वाटलं, पण ते डोळे समोर होते.

"भीती वाटली," मी म्हणालो.

"आणि ट्रकमध्ये उभं राहायची नाही वाटली?"

"ती..." मी आठवून पाहिलं. "ती वाटायची राहूनच गेली."

ती हसली. झाकण घेऊन तिने एकाच हिसक्यात घट्ट बसवलं. "उलटं फिरवत होता तुम्ही."

एवढ्यात समोरून क्रॉसिंगची गाडी आली. तिनेच परत जायचं म्हणून तिघं उतरली. आमच्या गाडीने शिट्टी दिली, तशी कुसुम खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "आता मनमाडपर्यंत खाली उतरू नका."

हा होकार होता की सूचना, ते मला कळेना. आत्याने फलाटावरून ओरडून खुलासा केला, "व्हय म्हणली रं पोरगी!" आणि अख्ख्या डब्याने टाळ्या वाजवल्या. मनमाडपर्यंत मी जागचा हललो नाही. कोपरगावचा डबाही खिडकीतूनच घेतला.

विमानात आम्ही दोघं पहिल्यांदा बसलो ते खूप वर्षांनी, मुलांनी तिकिटं काढून दिली तेव्हा. खिडकी अर्थातच कुसुमची. दारं बंद झाली, पंख थरथरायला लागले आणि माझी तीच जुनी धडधड सुरू झाली. कुसुमने माझा हात धरला. वाटलं, आता धीर देणार. ती कानाशी येऊन म्हणाली, "आता दिल्लीपर्यंत खाली उतरू नका."

मी मान हलवली आणि पायाशी ठेवलेला फिरकीचा तांब्या पायाने हळूच सीटखाली सरकवला.