माघ वद्य अष्टमी

माझ्या आईने माझ्यासाठी बोललेला एक नवस अजून फिटलेला नाही. आता तो फिटेल असं मला वाटत नाही. का फिटला नाही याची घरातली अधिकृत कारणं पुष्कळ आहेत, पण खरं कारण मी आहे.

मी चार वर्षांची असताना मला टायफॉइड झाला. तेव्हा आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा एका मंत्रालयात होते. आई शहराला नवीन होती, तिचं हिंदी जेमतेम भाजी घेण्यापुरतं. सतरा दिवस माझा ताप हटेना, तेव्हा ती आमच्या कुलदैवताला नवस बोलली. कुलदैवत कोकणातलं, समुद्रकाठचं, हरिहरेश्वर. ज्या तिथीला ताप उतरेल त्याच तिथीला पोरीचा हात धरून तुझी प्रदक्षिणा घालीन, असं ती म्हणाली. ताप उतरला तो माघ वद्य अष्टमीला.

तिथली प्रदक्षिणा म्हणजे गाभाऱ्याभोवतीची फेरी नव्हे. देवळाजवळून पायऱ्या डोंगरावर चढतात आणि एका अरुंद घळीतून थेट समुद्राच्या खडकांवर उतरतात. खडकांवरून चालत डोंगराला वळसा घालून परत यायचं. भरती असली तर वाट पाण्याखाली जाते, म्हणून ओहोटी गाठावी लागते. आई लग्नानंतर एकदाच तिथे गेली होती, तेव्हा भरती होती आणि तिला घळीच्या तोंडाशी उभं राहूनच परतावं लागलं होतं. समोर नुसतं पाणी उसळत होतं, असं ती सांगायची. ती वाट तिला पाहायची राहिली होती.

माघ वद्य अष्टमी येते फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. केंद्र सरकारच्या माणसाला हे निराळं समजावून सांगायला नको. फेब्रुवारी म्हणजे बजेट, आणि बाबांच्या सेक्शनला बजेटच्या दिवसांत मरायलासुद्धा रजा नसे. सरकारं आली, गेली, बजेट काही फेब्रुवारीतून हललं नाही. सरकार चार वर्षांतून एकदा भारतात कुठेही जायचं भाडं द्यायचं. दर चार वर्षांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर हरिहरेश्वरचा बेत मांडला जायचा आणि आम्ही मे महिन्यात कुणाच्या तरी लग्नाला पुण्याला जायचो. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, असं आई म्हणायची, आणि हसायची.

दुसऱ्या एखाद्या तिथीला का नाही, असं मी मोठी झाल्यावर विचारलं होतं. तेव्हा ती हसली नाही. एका वर्षी तिने कंटाळून तिथल्या गुरुजींना मनीऑर्डर केली होती, आमच्या नावाने तुम्हीच प्रदक्षिणा घाला म्हणून. त्याच वर्षी तिच्या पोटातलं बाळ सहाव्या महिन्यात गेलं. माझ्या पाठचं. या दोन गोष्टींचा संबंध नाही हे बाबांनी तिला खूपदा सांगितलं, डॉक्टरांनीही सांगितलं असेल. ती वाद घालायची नाही. फक्त म्हणायची, "नवस अर्धा फेडायचा नसतो."

बाबा निवृत्त झाले आणि आम्ही यमुनेपलीकडे, वैशालीत, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. आजूबाजूला निम्म्या इमारती अर्धवट होत्या, रस्ता होता पण त्याला अजून नाव नव्हतं. मला गुडगावात एका काचेच्या इमारतीतल्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती आणि माझा पहिला पगार बाबांच्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त होता. बाबांना त्याचा अभिमान वाटायचा. मला जरा माज आला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

त्याच सुमाराला आईला काचबिंदू असल्याचं निघालं. निघालं तेव्हा एक डोळा जवळजवळ गेला होता आणि दुसऱ्याने कडेचं दिसत नव्हतं. जे गेलंय ते परत येणार नाही, उरलंय ते जपू, असं डॉक्टर म्हणाले. आईने घरी येऊन थेंबांच्या बाटल्या फ्रीजमध्ये नीट लावून ठेवल्या आणि म्हणाली, "आता तरी मला ती वाट पाहू द्या."

आता बजेट नव्हतं. नकार द्यायला कुणी उरलं नव्हतं. बाबांनी हरिहरेश्वरची रीतसर फाइल उघडली. जुन्या परिपत्रकांच्या कोऱ्या पाठीवर टूर प्रोग्रॅम लिहिला, पनवेलपर्यंत रेल्वे, पुढे गाडी, मुक्काम गुरुजींकडे. भरती-ओहोटीचं गणितही त्यांनी मला शिकवलं. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. "अष्टमी, आठ. आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. बिल्कुल भर दुपारी," बाबा म्हणाले. "ऊन लागेल, पण हिला स्वच्छ दिसेल."

तारीख काढणं आणि तिकिटं करणं माझ्याकडे होतं. दरवर्षी मराठी कॅलेंडर घरात यायचं ते कोपर्निकस मार्गावरून. तिथे आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात बाबांच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, ते मुंबईहून गठ्ठा मागवायचे. बाबा ऑफिसातून चालत जाऊन आणायचे. त्या वर्षी ते काम मी अंगावर घेतलं होतं, आणि केलं नाही. गुडगावहून कोपर्निकस मार्गाला वाट वाकडी करायला मला वेळ नव्हता. करोल बागेतल्या एका दुकानदाराने दिवाळीत नव्या वर्षाचं हिंदी कॅलेंडर दिलं होतं, तेच मी भिंतीवर लावलं. त्यात पाहिलं. माघ, कृष्ण पक्ष, अष्टमी. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी येत होती.

मला किती आनंद झाला ते आठवतं. सरकारी सुट्टी आयती जोडून मिळत होती, रजा कमी लागणार होती. आई म्हणाली, "इतक्या लवकर? जानेवारीतच?" मी म्हटलं, "अधिक महिना वगैरे काहीतरी असेल, आई. छापलंय ना इथे." एरवी तिने स्वतः उठून पाहिलं असतं. पण तिला तो बारीक छाप दिसत नव्हता. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

मग आमच्या घरात दोन महिने जे चाललं तसं आमच्या घरात पूर्वी कधी चाललं नव्हतं. करोल बागेतून आईसाठी रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट आणले, खडकांवर शेवाळ असतं म्हणून. तिथल्या देवीच्या ओटीचं सामान आलं. आणि आई सोसायटीच्या जिन्यावर सराव करायला लागली. लिफ्ट सोडून. सकाळी मी ऑफिसला निघण्याआधी ती साडीवर ते बूट घालून माझा हात धरायची आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली आणि खालून वर असं दोनदा करायचो. शेजारची पंजाबी बाई दारात उभी राहून म्हणायची, "आंटीजी, ऑलिम्पिक में जा रही हो क्या?" आई म्हणायची, "उससे बड़ा है." तिचं हिंदी एव्हाना सुधारलं होतं. मी तिला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

संक्रांत झाली आणि लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या शेजारणीचा फोन आला. हळदीकुंकवाला या म्हणून. आई म्हणाली, "अगं, आम्ही पुढच्या आठवड्यात हरिहरेश्वरला निघतोय, आल्यावर बघते." पलीकडून काही उत्तर आलं. आई म्हणाली, "हो, रथसप्तमीपर्यंत चालतं, पण..." आणि ती थांबली. "रथसप्तमी कधी आहे?" तिने विचारलं. फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे वळली.

"रथसप्तमी माघ शुद्धात. ती व्हायला अजून तीन आठवडे आहेत," ती म्हणाली. "मग त्याच्या आधी माघ वद्य कुठून आलं?"

मला काही कळलं नाही. मला खरोखरच काही कळलं नाही, आणि हीच माझी पात्रता. दुसऱ्या दिवशी बाबा दोन बस बदलून कोपर्निकस मार्गाला गेले आणि मराठी कॅलेंडर घेऊन आले. इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षाला ते पुढच्या महिन्याचं नाव देतात. त्यांचा माघ कृष्ण म्हणजे आपला पौष वद्य. मी जन्मभर दिल्लीत वाढले होते, त्यांच्या अहोई अष्टमीची, करवा चौथीची मिठाई खाल्ली होती, आणि हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे आधी शुद्ध, मग वद्य, ही आईला लहानपणापासून ठाऊक असणारी गोष्ट तिने मला सांगितली नव्हती, कारण मी कधी विचारलीच नव्हती.

आपली अष्टमी फेब्रुवारीच्या शेवटाला होती. बाबा म्हणाले, "चलो, काही बिघडत नाही. महिनाभर पुढे ढकलू." त्यांनी लगेच फाइल काढून तारखा खोडायला घेतल्या. आई माझ्याकडे बघत होती, उरलेल्या एका डोळ्याने.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात रजा मागितली. माझा बॉस माझ्याहून चारच वर्षांनी मोठा होता. तो म्हणाला, "फेब्रुवारी एंड? यार, रिलीज है. जनवरी में ले लो ना, वो तो अप्रूव्ड है." मार्चमध्ये माझी नोकरी पक्की व्हायची होती. मी त्याला सांगू शकले असते की माझ्या आईचे डोळे जात आहेत. तो वाईट माणूस नव्हता, कदाचित हो म्हणाला असता. पण मी म्हटलं, "फॅमिली फंक्शन है." तो हसला, म्हणाला, "फंक्शन तो होते रहेंगे." मी पण हसले, आणि जागेवर जाऊन बसले. बाबांना छत्तीस वर्षं रजा मिळाली नाही. मला एक आठवडा मिळाली नाही असं मी घरी सांगितलं. ते खोटं होतं, कारण मी ती नीट मागितलीच नव्हती.

बाबा म्हणाले, "मी नेतो हिला. आम्ही दोघं जाऊ."

"हिचा हात धरून म्हटलंय," आई म्हणाली. ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "जाऊ दे," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी." ते दोन शब्द मी जन्मापासून ऐकत आले होते, पण तेव्हा कारण सरकार असायचं.

त्या वर्षात मार्चमध्ये माझी नोकरी पक्की झाली आणि सप्टेंबरपर्यंत आईचा दुसरा डोळाही गेला. थेंब वेळेवर घातले, दोनदा शस्त्रक्रिया झाली, काही उपयोग झाला नाही. आधी तिला पायरी दिसेनाशी झाली, मग चेहरे, मग खिडकी. दिवाळीत तिने विचारलं, "लावल्या का पणत्या?" पणत्या तिच्यासमोर होत्या. बाबांनी हो म्हटलं आणि ते बाल्कनीत गेले.

नव्या वर्षी मी सगळं बरोबर केलं. मराठी कॅलेंडर डिसेंबरातच आणलं, रजा लेखी मंजूर करून घेतली, तिकिटं काढली, गुरुजींना पत्र टाकलं. मग एका रविवारी आईला सांगायला गेले. ती बाल्कनीत उन्हात बसून मटार सोलत होती. बोटांनी शेंग शोधायची, उकलायची, दाणे अंगठ्याने सोडवायची. मी तारीख सांगितली. म्हटलं, आपली अष्टमी, नक्की.

"तिकिटं परत कर," ती म्हणाली.

"आई, मी हात सोडणार नाही. एकेक पायरी सांगत नेईन."

"तू नेशील गं. पण मला तिथं जायचं नव्हतं. मला पाहायचं होतं."

मी म्हटलं, मी पाहीन आणि तुला सगळं सांगीन. खडक कसे आहेत, पाणी कुठपर्यंत येतं.

"ते तर मी दिवसभर ऐकतेच," ती म्हणाली. "गॅस बंद आहे, दिवा लागलाय, दूध ओट्यावर आहे. आता देवाचंही ऐकूनच घेऊ?"

"आणि नवस?"

"राहिला तर राहिला. आता आणखी काय नेणार आहे तो?"

जिने देवाच्या धाकाने वीस वर्षं त्या एका तिथीचा हट्ट सोडला नव्हता, ती हे बोलत होती, साध्या आवाजात. मला भीती वाटली. मी तिच्या पायाशी बसले. वर्षभर घरात कुणी त्या कॅलेंडरचा किंवा त्या रजेचा विषय काढला नव्हता, मीही नाही. मी तिला रजेचं खरं काय ते सांगितलं. मग म्हटलं, "आई, माझी चूक झाली."

ती नेहमी म्हणायची तसं, जाऊ दे, म्हणेल असं मला वाटलं होतं.

"हो," ती म्हणाली, "झाली."