चपलेच्या टाचेचं बुश

मेकॅनिकनं माझ्या गाडीच्या गिअरच्या दांड्यातलं झिजलेलं रबरी बुश, छोटीशी गोल चकती, काढून हातावर ठेवलं आणि रबराच्या त्या वासानं मला तीसेक वर्षं मागं नेलं. नर्सिंगच्या मुलाखतीसाठी डोंगरकडा गावाहून हिंगोलीला जीपनं निघाले होते. वाटेत जीपचं असंच बुश तुटलं, गिअर पडेना. मी रडकुंडीला आले.

“काहून रडून राहिली, बाई? पोचवतो बराबर,” म्हणत जीपवाल्या शेषरावकाकांनी स्वतःच्या चपलेची टाच कापून चकती बसवली. तेव्हा मला फक्त घड्याळ दिसत होतं. आज क्लचवरचा त्यांचा अनवाणी पाय दिसतो.

नोकरी लागल्यावर मी त्यांना नवा जोड नेला. तो त्यांनी लगेच घातला, पण ती कापलेली चप्पल सीटखाली सरकवत म्हणाले, “ऱ्हाऊ दे. पुढच्या पोरीला लागंल.”