मोहाखालची पाटी

“आत्याले हात धरून वावराबाहेर काढलं तू. खोटं हाय म्हन,” बुधरी पोराला म्हणाली, तसं दिनेशने पुढ्यातलं ताट सरकवलं. हात धरला नाही, नुसतं बाहेर जा म्हटलं, पाटी दाखवली, हे तो तिसऱ्यांदा सांगत होता.

पाटी त्याने घुग्घुसहून रंगवून आणली होती. तिथल्या एका कारखान्यात पाळीवर जाताना भिंतीवर रोज दिसायची तीच अक्षरं: खाजगी मालमत्ता, प्रवेश बंद. शिमग्याला घरी आल्याबरोबर त्याने वनहक्काच्या शेताला तार ओढली आणि पाटी मोहाच्या खोडात ठोकली.

तारेच्या आत आलेला तो मोह त्यांचा नव्हता. तो त्याच्या विधवा आत्याचा, दुर्गाचा. बुधरीच्या सासऱ्याने मरताना पोराला जमीन आणि पोरीला मोह दिला होता. गावाची रीतच तशी. जमीन कुणाचीही असो, फाल्गुनात झाडाखालचा पाचोळा जो झाडून जाळतो, फुलं त्याची. दुर्गा सव्वीस वर्षं झाडत होती. तेल-मीठ, लुगडं, औषधपाणी, सगळं तिचं त्या टोपलीवर चालायचं. यंदाही तिने जागा साफ केली, आणि तिसऱ्या दिवशी तिथे तार आली.

दिनेशचं एकच म्हणणं होतं. नकाशात मोह आपल्या हद्दीत आहे, कागद आपल्याकडे आहे.

कागदाचं बुधरीला कुणी सांगायला नको होतं. सोळाव्या वर्षी ती या घरात आली ती त्याच जमिनीतले बुंधे उपटायला. दिनेश पाठीशी बांधलेला असताना जंगलखात्याच्या नाकेदाराने दोनदा तिचे बांध फोडले, कुऱ्हाड नेली. जागा सरकारी आहे म्हणाला. पुढे नवऱ्याने, पत्रूने, वनहक्काचा दावा लावला तेव्हा ग्रामसभेत भावाच्या बाजूने सगळ्यात आधी दुर्गा उभी राहिली. त्या साक्षीवर मिळालेल्या पट्ट्यात पत्रूच्या शेजारी बुधरीचं नाव होतं. पत्रू जाऊन चार वर्षं झाली. दिनेशचं नाव अजून कुठेच चढलेलं नव्हतं.

“दिव्या, खाजगी म्हंजे का?” तिने सुनेला विचारलं.

दिव्या बी.ए.ला मराठी घेऊन बसली होती. नवऱ्याकडे न बघता तिने शब्दकोश उघडला. मूळ खासगी. फारसीतून आलेला शब्द. राजाच्या स्वतःच्या घरासाठी राखून ठेवलेला मुलूख, तो खासगीचा.

“आन् त्या मुलखात जमीन कसे कोन?”

“रयत.”

“म्हंजे कसनारे दुसरे, आन् राखून खानारा राजा.”

दिनेश हसला. म्हणाला, राजे गेले, आता खाजगी म्हणजे ज्याचं त्याचं, आणि शब्दकोश वाचून कुणाचं पोट भरत नाही. आत्याला हवं तर चार पायल्या मोह आपणच देऊ, मागायला आली की.

मागायला आली की, हे ऐकताच बुधरी चुलीकडे वळली. चुलीतलं लाकूड तिने ओढून विझवलं.

“मागाले? माह्या घरात? जिनं तुह्या बापाले जमीन मिडवून देल्ली ते?” आवाज चढला नव्हता. “नाकेदार सरकारी म्हने, तू खाजगी म्हनतं. मले तं दोघंही सारखेच दिसून राह्यले.”

दिनेश म्हणाला, तार उगाच ओढली नाही, मेहनत केली आहे.

“दुर्गानं नाई केली?”

दिव्याने पुस्तक मिटलं.

बुधरीने खुंटीवरची टोपली काढली, दोन लुगडी तिच्यात टाकली आणि दारात उभी राहून सांगितलं:

“सकाळी मी दुर्गासंग मोह येचाले जातो. पाटी मी काढीन, मोहाकडची तार बी मीच तोडीन. पट्टा माह्या नावाचा हाय. ते झाड तिचं हाय असं ग्रामसभेत लिहून देईन. हंगाम सरेवर मी तिच्या घरी जेवीन. इथला सैपाक तुमचा तुमी करा.”