उसाला गेलेल्यांचा फॉर्म्युला

आमच्या संस्थेने कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं तेव्हा आधी त्याच्यासाठी पंखा घेतला, मग गादीची खुर्ची, आणि सगळ्यात शेवटी मला. बीडच्या कचेरीत त्या खोलीत चपला बाहेर काढूनच जायचं. माझी नेमणूक तीन महिन्यांची होती. दुसऱ्या चाचणीचा निकाल मी कॉम्प्युटरवर काढायचा, हेडक्लार्कनी तोच हाताने रजिस्टरात लिहायचा. दोन्ही तंतोतंत जुळले तर मी कायम, नाहीतर घरी. अट हेडक्लार्कनीच घातलेली. ते मला 'काम्पूटरबाई' म्हणायचे आणि माझं डोकं फिरायचं. तेव्हा राग माझ्या नाकावरच असायचा.

संस्थेच्या शाळा तीन: चौसाळा, शिरूर कासार, युसूफ वडगाव. प्रत्येकीचं कॉम्प्युटरमध्ये वेगळं वर्कबुक, म्हणजे वहीच, त्यात एका शीटवर मार्क, दुसऱ्यावर निकाल. चौसाळ्याचे फॉर्म्युले मी दोन दिवस डोकं फोडून बसवले. तेच पुन्हा दोनदा कोण करणार? मी मॅक्रो रेकॉर्ड केला. म्हणजे एकदा आपण करून दाखवायचं, पुढे कॉम्प्युटर तेच न कंटाळता करतो. दोन बटणं दाबली आणि चौसाळ्याचे फॉर्म्युले उरलेल्या दोन्ही वर्कबुकांत जाऊन बसले. मी स्वतःवर इतकी खूश झाले की तपासायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी शिरूरचे हेडमास्तर निकाल न्यायला आले. कागदावरून बोट फिरवता फिरवता थांबले.

"बाई, लई भारी निकाल लावलाय तुमी. पर ही एकतीस पोरं मायबापासंगं ऊसतोडीला गेलीत. चाचणीला न्हवतीच. ह्यांना फस्ट क्लास कावून?"

हेडक्लार्क ठसका लागेपर्यंत हसले. माझे कान तापले. पाहते तर फॉर्म्युले शिरूरला आले होते खरे, पण मार्क विचारायला अजून चौसाळ्याच्याच फाइलीत जात होते. सासरी आलेल्या सुनेने मीठ किती घालू हेसुद्धा माहेरी विचारावं, तसं.

मी मॅक्रो दुरुस्त केला. आता प्रत्येक शाळेचे मार्क तिच्याच वर्कबुकातून येऊ लागले. त्या एकतीस पोरांपुढे मार्कांची जागा रिकामी, म्हणून शून्य, म्हणून नापास. रजिस्टरातही नापासच होतं. ओळ न् ओळ जुळली.

"जुळलं," हेडक्लार्क जरा नाखुशीनेच म्हणाले. मी कायम झाले होते.

हेडमास्तरांनी मात्र कागद हातात घेतला नाही.

"बसलाच न्हाई त्यो नापास कसा वो? पाडव्याच्या सुमाराला पोरं माघारी येत्यात. फळ्यावर नापास वाचलं की दारातूनच परत फिरत्यात. मागल्या साली लई पोरं अशीच गेली."

मला वाईट वाटलं, आणि पाठोपाठ रागही आला, नेहमीसारखा. पुन्हा खुर्चीत बसले. मार्कांची जागा रिकामी असेल तर 'नापास' न येता 'परीक्षा बाकी' यावं, असा फॉर्म्युला केला आणि मॅक्रो चालवून तिन्ही वर्कबुकांत धाडला.

"आता रजिस्टराशी जुळत न्हाई," हेडक्लार्क हळूच म्हणाले. "अट ठाऊक हाय न्हवं?"

"आहे, काका. नका करू मला कायम. पण परीक्षेला न बसलेल्या पोराला मी नापास लिहिणार नाही."

आवाज चढलाच माझा. खरं तर ही नोकरी मला मनापासून हवी होती.

हेडक्लार्कनी रजिस्टर पुढे ओढलं, पट्टी ठेवून पहिलं 'नापास' खोडलं, वर सुवाच्य अक्षरात 'परीक्षा बाकी' लिहिलं आणि शेजारी सही केली. मग दुसरं खोडलं.

"बघत काय बसला, काम्पूटरबाई?" मान वर न करता ते म्हणाले. "चहा सांगा. माझ्याकडं तुमचं ते मॅक्रो न्हाई. शिरूरचीच एकतीस खोडायची हायेत."